बिनमुदतीची प्रतीक्षा

गेल्या महिन्यांत सोलापूरकडील एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. त्यांच्या कन्येचा विवाह होऊन दीड वर्ष लोटलें. जांवई परदेशीं, मुलगी माहेरीं, आणि दोघांच्या मध्यें व्हिसाच्या कागदांचा डोंगर. "२०२० सालच्या साथींत आपल्या घरींहि असाच प्रसंग आला होता, असें आपण एकदां ओझरतें लिहिलें होतें. तो काळ आपण कसा काढला, तें सविस्तर लिहाल काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर लिहावयास बसलों तेव्हां प्रथम संकोच वाटला. कारण तो काळ आम्हीं फार शहाणपणानें काढला, असें म्हणण्याची सोय नाहीं. त्यांत माझ्या हातून एक चूक झाली, आणि तिची किंमत दुसऱ्या माणसाला मोजावी लागली. परंतु शिक्षकाच्या पेशांत एवढें तरी कळतें कीं, बरोबर सोडविलेल्या गणितापेक्षां चुकलेलें गणित फळ्यावर मांडलें म्हणजे वर्गाला अधिक उपयोग होतो. म्हणून तेंच मांडतों.

माझी वडील बहीण साताऱ्यास राहत असे. आम्ही सारे तिला आक्का म्हणतों. यजमान निवर्तल्यावर ती एकटीच होती. एकुलता एक मुलगा अमेरिकेंत न्यूजर्सी प्रांतांत स्थायिक होऊन तेथील नागरिक झालेला. एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या नागरिकाला आपल्या आईबापांस कायमच्या वास्तव्यासाठीं बोलावून घेतां येतें, आणि या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नसते, असा तेथील कायदा आहे. त्याप्रमाणें भाच्यानें अर्ज केला. असा अर्ज आधीं तेथील स्थलांतर खात्याकडे मंजूर व्हावा लागतो. मग तो न्यू हॅम्पशर प्रांतांतील पोर्ट्समथ या गांवीं असलेल्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जातो. तेथें जन्माचे, विवाहाचे, पोलिसांचे दाखले आणि मुलाच्या उत्पन्नाचें हमीपत्र यांची छाननी होते. सर्व कागद पुरे झाल्याचा निर्वाळा मिळाला म्हणजे मुंबईच्या वकिलातींत समक्ष मुलाखतीची तारीख पडते. मुलाखतीच्या आधीं नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून प्रकृतीची तपासणी करून घ्यावी लागते.

या छाननींत आमचे कित्येक महिने गेले. आक्काचा जन्म १९४९ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांतला. जन्ममृत्यूची नोंद करण्याचा देशव्यापी कायदा झाला १९६९ सालीं. त्यापूर्वीं खेड्यापाड्यांतील नोंदीचा काय भरंवसा! शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचें माहेरचें नांव. लग्नांत यजमानांनीं ताटांतील तांदुळांवर अंगठीनें दुसरें नांव लिहिलें, तें पासपोर्टावर. आणि निवृत्तिवेतनाच्या पुस्तकावर त्याच नांवाचें इंग्रजी स्पेलिंग तिसऱ्याच तऱ्हेचें. आपल्या घरांत हा कौतुकाचा संस्कार. पण परक्या देशाच्या कचेरींतल्या कारकुनाला त्या एका बाईच्या तीन बायका दिसल्या, तर त्याला दोष कसा द्यावा? शेवटीं ग्रामपंचायतीकडून जन्माची नोंद नसल्याचा दाखला, गांवांतील दोन वृद्धांचीं प्रतिज्ञापत्रें, शाळेचा दाखला आणि नांव बदलल्याचें प्रतिज्ञापत्र इतकें जुळविलें, तेव्हां तिघी मिळून एक आक्का सिद्ध झाली. मीं स्वतः कित्येक वर्षें शाळेच्या रजिस्टरांत मुलांचीं नांवें उतरविलीं आहेत. एखाद्या वेलांटीच्या चुकीनें पन्नास वर्षांनीं कोणाचा समुद्र अडतो, हें त्या वेळीं कोणीं सांगितलें असतें तर हंसलों असतों.

अखेर २०२० च्या फेब्रुवारींत पत्र आलें. मुलाखत मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत. भाच्याच्या पत्नीला दिवस गेलेले. जुलैमध्यें बाळंतपण अपेक्षित. आक्काचा आनंद काय वर्णावा! तिनें साताऱ्याचें बिऱ्हाड मोडलें. भांडींकुंडीं गरजूंना दिलीं, तुळशीची कुंडी शेजारणीच्या स्वाधीन केली, आणि दोन बॅगा घेऊन ती आमच्याकडे पुण्यास आली. एका बॅगेंत तिचें सामान, दुसरींत बाळंतविडा. स्वतःच्या हातानें शिवलेलीं झबलीं, टोपडीं, कुंच्या, आणि जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत मुंबईस जाऊन डॉक्टरी तपासणीहि झाली.

पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. मार्चच्या मध्यास मुलाखती रद्द झाल्या. २० मार्च रोजीं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें जगभरच्या आपल्या वकिलातींतील व्हिसाचें नेहमींचें कामकाज स्थगित केलें. आपल्याकडे २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली, आणि परदेशचीं नित्याचीं विमानें तर त्याआधींच थांबलीं होतीं. एवढें तरी समजण्यासारखें होतें; साथ आली म्हणजे दारें लागतात. १८९७ च्या प्लेगांत पुण्याच्या लोकांनीं घरेंदारें सोडून माळावर झोपड्या घातल्या होत्या, हें आम्हीं आजोबांच्या पिढीकडून ऐकलेलें आहे.

परंतु २२ एप्रिल रोजीं तेथील राष्ट्राध्यक्षांनीं एक जाहीरनामा काढला. बाहेरून कायमचे राहावयास येणाऱ्या बहुतेक लोकांना साठ दिवस प्रवेश बंद. कारण सांगितलें बेकारीचें. नागरिकांच्या पत्नीला वा पतीला, आणि एकवीस वर्षांखालील मुलांना त्यांतून वगळलें होतें. आईबापांना वगळलें नव्हतें. साठ दिवस संपतांच, २२ जून रोजीं, ही बंदी डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. आणि ३१ डिसेंबर रोजीं पुन्हां पुढच्या मार्चअखेरपर्यंत. शेवटीं नव्या राष्ट्राध्यक्षांनीं २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं ती रद्द केली.

येथें थोडें विषयान्तर करतों. त्या देशाचें दार आपल्या लोकांसाठीं पूर्वींहि उघडझांप करीत आलें आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या तेव्हां त्यांना आडवा येणारा व्हिसा नव्हता. आडवा आला तो समाज. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतून तेथें वस्तीस जाणें जवळजवळ बंद झालें. १९४६ सालीं तें दार किलकिलें झालें, तें वर्षाला अवघ्या शंभर माणसांपुरतें. १९६५ च्या कायद्यानें तें खऱ्या अर्थानें उघडलें, आणि त्याच कायद्यानें नागरिकांच्या आईबापांना संख्येच्या मर्यादेंतून मुक्त करून अगदीं निकटच्या आप्तांत बसविलें. म्हणजे १९६५ च्या कायद्याप्रमाणें आई निकटची. २०२० च्या जाहीरनाम्याप्रमाणें ती थांबूं शकणारी. आपल्या एकत्र कुटुंबाच्या कल्पनेंत वाढलेल्या माणसाला हें प्रथम फार लागतें. आक्का मात्र जाहीरनाम्याचा अर्थ ऐकून एवढेंच म्हणाली, "नवराबायको आणि लेंकरें आधीं, हें कांहीं वावगें नाहीं. म्हातारी मागाहून गेली तरी चालेल. पण मागाहून म्हणजे कधीं, तें तरी त्यांनीं लिहावें."

मागाहून म्हणजे कधीं! साऱ्या दुःखाचें मर्म या एका प्रश्नांत होतें. आणि मीं चूक केली तीहि नेमकी येथेंच.

आक्का चार वर्षांनीं वडील. तिचें मन मोडूं नये म्हणून मी रोज धीर देऊं लागलों. "आक्का, पुढल्या महिन्यांत उघडेल बघ." एप्रिलमध्यें म्हणालों, मेमध्यें उघडेल. मेमध्यें म्हणालों, पावसाळ्याच्या आधीं. जूनमध्यें बंदी वाढली तेव्हां म्हणालों, "गणपतीपर्यंत नक्की." गणपति झाले, मग दसरा, मग दिवाळी. यांतील एकाहि तारखेस आधार नव्हता. वर्तमानपत्रांतील एखादी ओळ, कोणा परिचिताचा निरोप, यांवर मी माझी आशा बांधीत असें आणि ती तिला तारीख म्हणून देत असें. माझी समजूत अशी कीं मी तिला धीर देत आहें. प्रत्यक्षांत मी तिला दर महिन्यास नवा अपेक्षाभंग देत होतों.

परिणाम काय झाला? आक्काच्या दोन बॅगा तिच्या खाटेच्या पायथ्याशीं तशाच बांधलेल्या राहिल्या. ती आमच्या घरांत होती, पण राहत नव्हती. पोथी लावावी म्हटलें तर, "मध्येंच निघावें लागलें तर पारायण अर्धें राहील." परसांत चार रोपें लावावींत, तर, "पाणी कोण घालणार पुढें?" माझी पत्नी म्हणे, "वन्सं, निदान कपाट तरी मोकळें करून देतें, पातळें त्यांत ठेवा." तर उत्तर ठरलेलें, "कशाला गं, आतां निघायचेंच आहे."

जुलैमध्यें बाळ झालें. मुलगा. बारसें आम्हीं फोनच्या पडद्यावर पाहिलें. आक्कानें पडद्यावरच कुंची घालण्याची खूण केली, आणि तिकडे सुनेनें दुकानांतून आणलेली टोपी बाळाच्या डोक्यावर ठेवली. त्या रात्रीं आक्का जेवली नाहीं.

याहून मोठी हानि निराळीच होती. तिच्या उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु होता. डॉक्टरांनीं मार्चच्या आधींच सांगितलें होतें कीं शस्त्रक्रिया करून घ्यावी. ती म्हणाली होती, "तिकडे गेल्यावर बघूं." टाळेबंदी सैल झाल्यावर मीं पुन्हां विषय काढला, तेव्हां तिनें विचारलें, "शस्त्रक्रियेनंतर महिनाभर जपावें लागतें ना? आणि तूं तर म्हणतोस, दसऱ्यापर्यंत निघायचें." मी गप्प बसलों. माझीच तारीख माझ्या आड आली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे जिन्याची शेवटची पायरी न दिसल्यामुळें ती पडली. हाड मोडलें नाहीं हें दैव. पण मनगट दुखावलें आणि तीन आठवडे हात गळ्यांत.

त्या संध्याकाळीं मी तिच्याजवळ बसलों असतां ती म्हणाली, "अरे, तूं मला तारखा देऊं नकोस. तुला ठाऊक नाहीं, मला ठाऊक नाहीं, त्या वकिलातींतल्या साहेबालाहि ठाऊक नाहीं. ठाऊक नाहीं असें म्हण. तें मला सोसेल. रोज उद्यां म्हणतोस, तें सोसत नाहीं."

मी आयुष्यभर संस्कृत शिकविलें. मेघदूत किती वर्गांना शिकविलें असेल, त्याची गणति नाहीं. यक्षाला शाप आहे तो एक वर्षाचा, आणि विष्णु शेषशय्येवरून उठेल त्या दिवशीं तो संपावयाचा, हें यक्षाला नक्की ठाऊक आहे. उरलेले चार महिने तो पत्नीला मोजून सांगूं शकतो. भरताची गोष्टहि तीच. नंदिग्रामीं पादुकांजवळ बसतांना चौदा वर्षांचा शेवट त्याला दिसत होता. ज्या विरहाला मुदत आहे तो विरह माणूस दिवस मोजून काढतो. पण शबरीला कोणीं तारीख दिली होती? गुरूंनीं सांगितलें, राम येईल. कधीं तें सांगितलें नाहीं. तिनें काय केलें? ती रोज वनांतील फळेंमुळें गोळा करीत राहिली, आश्रम राखीत राहिली. तिची प्रतीक्षा हेंच तिचें नित्यकर्म झालें. काम्य कर्म फळाकडे डोळा लावून करावयाचें. नित्यकर्म फळ पुढें न ठेवतां, तो दिवस आला म्हणून करावयाचें. हा भेद मीं विद्यार्थ्यांना दर वर्षीं समजावून दिला, आणि माझ्या घरांत तो मला जिन्याच्या पायरीपाशीं समजला.

त्यानंतर आम्हीं घरांतील सर्वांनीं बसून कांहीं गोष्टी ठरविल्या. वाचक-भगिनींनीं विचारलें आहे तें हेंच. म्हणून क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट, बातमीचा वार ठरविला. दर गुरुवारीं सकाळीं माझा मुलगा वकिलातीचें संकेतस्थळ व राष्ट्रीय व्हिसा केंद्राची सूचना पाहील, आणि जें असेल तें एका वाक्यांत सांगेल. कांहीं नसेल तर "कांहीं नाहीं" म्हणेल. इतर दिवशीं तो विषय घरांत काढावयाचा नाहीं. यामुळें आठवड्यांतील सहा दिवस आम्हांला परत मिळाले.

दुसरी गोष्ट, कागदांच्या मुदती लिहून काढल्या. आपल्या हातीं वकिलातीचें दार नाहीं. पण दार उघडेल तेव्हां कागद तयार असणें हें हातीं आहे. डॉक्टरी तपासणी साधारणपणें सहा महिनेच चालते. ती कधींच संपली होती. पोलिसांच्या दाखल्यालाहि मुदत असते. पासपोर्ट कधीं संपतो, भाच्याच्या प्राप्तिकराचीं नवीं पत्रकें कधीं लागतील, हें सारें एका वहीच्या पानावर आलें. कित्येकांच्या हातीं तर मार्चपूर्वींच मिळालेला व्हिसा होता, आणि विमान व परवानगी या दोहोंच्या अभावीं तो घरांत पडून कालबाह्य झाला. त्यांना पुन्हां सारे सोपस्कार करावे लागले. त्यांच्या मानानें आम्ही सुखी होतों.

तिसरी गोष्ट ही कीं, देहाचें कोणतेंहि काम प्रवासासाठीं थांबवावयाचें नाहीं. २०२१ च्या जानेवारींत आक्काची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर तिनें प्रथम काय पाहिलें असेल, तर खाटेच्या पायथ्याच्या त्या बॅगा. "किती धूळ बसली आहे रे!" असें ती म्हणाली, आणि त्याच दुपारीं तिनें दुसरी बॅग सोडली.

झबलीं एकेक करून बाहेर काढलीं. नातू तिकडे सहा महिन्यांचा झालेला. त्यांतील एकहि त्याच्या अंगास येण्यासारखें नव्हतें. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंची सून त्याच आठवड्यांत बाळंत झाली होती. टाळेबंदींत त्यांची चार घरचीं कामें सुटलेलीं. आक्कानें तो सारा बाळंतविडा, दुपट्यांसकट, त्यांच्या घरीं पाठविला. माझ्या पत्नीचे डोळे भरून आले. आक्काचे आले नाहींत. ती म्हणाली, "शिवलें तें बाळासाठीं. बाळ आलें आहे." मग तिनें कपाट मागून घेतलें, आणि आपलीं पातळें त्यांत लावलीं. आमच्या घरांत ती खऱ्या अर्थानें राहावयास आली ती त्या दिवशीं. येऊन अकरा महिने झाल्यावर.

चौथी गोष्ट तिची तिनेंच ठरविली. आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजतात तेव्हां न्यूजर्सींत सकाळचे आठ किंवा नऊ वाजलेले असतात. त्यांच्या घड्याळाच्या उन्हाळी-हिवाळी बदलाप्रमाणें एका तासाचा फरक पडतो. आमच्याकडे दिवेलागण, तिकडे बाळाची न्याहारी. आक्का रोज त्या वेळीं देवाजवळ दिवा लावून फोन समोर ठेवी, आणि शुभंकरोति म्हणे. पांच मिनिटें, अधिक नाहीं. "कसा आहेस, काय खाल्लेंस" हे प्रश्न नाहींत, रडणें नाहीं. बाळ कधीं पाही, कधीं नाहीं. सून बिचारी एका हातानें चमचा आणि दुसऱ्या हातानें फोन सांभाळी. एकहि दिवस चुकला नाहीं असें म्हणणार नाहीं. पण चुकला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां सुरू.

२४ फेब्रुवारीला बंदी उठली तेव्हां गुरुवारच्या वाक्यांत मुलानें तें सांगितलें. आणि "पण रांग मोठी आहे," हेंहि सांगितलें. ती रांग किती मोठी होती याची कल्पना यावी म्हणून एक आंकडा देतों. सर्व कागद पुरे करून केवळ मुलाखतीसाठीं थांबलेले लोक २०१९ सालीं साऱ्या जगांत दरमहा सरासरी एकसष्ट हजारांच्या आसपास होते. २०२१ सालीं ते चार लाखांच्या वर गेले. परराष्ट्र खात्यानें त्या वर्षीं एप्रिलअखेर चार पायऱ्यांचा क्रम लावून दिला. दत्तक मुलें, आणि वयोमर्यादा ओलांडण्याच्या बेतास आलेलीं मुलें पहिल्या पायरीवर. नागरिकांचे निकटचे आप्त व वाग्दत्त वधूवर दुसऱ्या पायरीवर. भावंडें व इतर कुटुंबीय तिसऱ्या. नोकरीच्या वर्गांतील बहुतेक लोक चौथ्या. आईबाप पुन्हां निकटच्या आप्तांत आले होते. पण तोंवर आपल्याकडे दुसरी लाट आली. त्या एप्रिल-मेमध्यें आमच्या आळींत तीन घरांत माणसें गेलीं. व्हिसाचें नांव काढण्याची तेव्हां लाज वाटे.

ऑक्टोबर २०२१ पासून डॉक्टरी तपासणींत करोनाची लस आवश्यक झाली. आक्कानें कोविशील्ड घेतलेली, म्हणून अडचण आली नाहीं. परंतु शेजारच्या वाड्यांतील एक गृहस्थ, तेहि मुलाकडे जाणारे, कोव्हॅक्सिन घेऊन बसले होते. त्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर रोजीं. तोंपर्यंत त्यांच्या घरीं वाद कीं, ही लस घेण्याचा सल्ला कोणीं दिला! अशा वेळीं घरांत दोषी शोधण्याची फार ओढ लागते. राग खरा असतो त्या दूरच्या दारावर. पण हात पोहोंचतो तो जवळच्या माणसापर्यंत. सुनेवर, मुलावर, बायकोवर. हा राग ओळखावा, आणि वेळींच गिळावा.

२०२२ च्या फेब्रुवारींत दुसरें पत्र आलें. पुन्हां तपासणी, पुन्हां दाखले. वांद्र्याच्या त्या वकिलातींत मुलाखत किती वेळ चालली असेल? आक्काच्या हिशेबानें देवाची आरती म्हणावयास लागतो त्याहून कमी वेळ. मुलाचें नांव, तो काय करतो, कोठें राहतो. संपलें. दोन वर्षांच्या प्रतीक्षेच्या अखेरीस तीन प्रश्न. मेमध्यें ती गेली. जातांना तिच्याजवळ एकच बॅग होती.

शेवट सारा गोड झाला असें वाचकांनीं समजूं नये. नातवाचें बारसें गेलें, रांगणें गेलें, पहिलें पाऊल गेलें. तें कोणतीहि वकिलात परत देऊं शकत नाहीं. बावीस महिन्यांचें तें बाळ आजीला पाहून आईच्या मागें लपलें, आणि पुढले दोन दिवस तिच्याकडे फिरकलें नाहीं. भाच्यानें मागाहून सांगितलें, "मामा, आईनें त्याला एकदांहि ओढून घेतलें नाहीं." तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिनें दिवा लावला आणि शुभंकरोति म्हणावयास सुरुवात केली. बाळ दाराआडून ऐकत होतें. मग तें पुढें आलें. फोन कोठें आहे तें त्यानें प्रथम शोधलें, आणि नंतर तिच्या मांडीला टेकून बसलें.

आतां माझ्या वाचक-भगिनीला चार शब्द. कन्येच्या व्हिसाची तारीख आपल्याला कोणी सांगत नसेल, तर आपणहि ती तिला सांगूं नये. तिच्या सासरच्यांनाहि सांगूं नये. व्हिसा प्रत्यक्ष हातीं पडेपर्यंत नोकरी सोडूं नये, घरदार मोडूं नये, प्रवास पक्का करूं नये, असें त्या सरकारच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलें असतें. आम्हीं तें वाचलें होतें आणि उत्साहांत विसरलों. पैसे घेऊन क्रमांक पुढें काढून देतों म्हणणारे भेटतील. त्यांना उंबरठ्याबाहेर ठेवावें. खरोखर जिवावरचें दुखणें असेल तर प्रकरण लवकर घेण्याची विनंति पुराव्यासह स्वतःच करतां येते. मुलीनें अभ्यास करावा, नोकरी करावी, भाषा शिकावी, पण त्याला "तोंपर्यंत" हें नांव देऊं नये. तोंपर्यंतचें आयुष्य म्हणून निराळें आयुष्य नसतें; तेंच आयुष्य असतें.

आणि तिनें व जांवयांनीं दिवसांतील एक वेळ नेमून घ्यावी. लांबलचक बोलण्याची नव्हे. एखादें लहानसें काम दोघांनीं मिळून करण्याची. दिवा लावण्याइतकें लहान. कागद आपल्या गतीनें येतील. ते येतील त्या दिवशीं परस्परांना ओळखणारीं माणसें दाराच्या दोन्ही बाजूंस उभीं असावींत, एवढीच काळजी आपण घ्यावयाची आहे.

आमच्या घरांतील आक्काचें कपाट अजून तिच्याच नांवानें आहे. ती दोन वर्षांनीं महिनाभर येते, आणि आली कीं पहिल्याच दिवशीं बॅग सोडून पातळें त्यांत लावते.